हॅरी डीन स्टँटन: ‘याला कुठेतरी पाहिलंय’ म्हणणाऱ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘ॲव्हेंजर्स’मध्ये हल्कशी बोलणारा तो म्हातारा पहारेकरी कोण?

हाच तो, हॉलिवूडचा कॅरेक्टर ॲक्टर हॅरी डीन स्टँटन. २०१२ सालच्या त्या चित्रपटात हल्क आकाशातून एका ओसाड इमारतीचं छप्पर फोडून खाली येतो आणि ढिगाऱ्यात उघडाबागडा ब्रूस बॅनर, म्हणजे पुन्हा माणूस झालेला हल्क, शुद्धीवर येतो. समोर एक हडकुळा पहारेकरी उभा. घाबरलेला नाही, चकित झालाय म्हणावं तर तसंही नाही. तू परग्रहावरचा आहेस का, असं तो शेजाऱ्याच्या चौकशीसारखं विचारतो. नाही म्हटल्यावर, मग बाळा तुला काहीतरी दुखणं आहे, असं निदान करून मोकळा होतो. दीड-दोन मिनिटांचं काम. जुने प्रेक्षक तिथे जास्तच हसले, कारण ३३ वर्षांपूर्वी ‘एलियन’मध्ये याच माणसाला परग्रहावरच्या प्राण्याने उचलून नेलं होतं. ‘ॲव्हेंजर्स’च्या वेळी तो ८५ वर्षांचा होता आणि हातात अजून पाच वर्षांचं काम शिल्लक होतं.

कॅरेक्टर ॲक्टर म्हणजे आपला चरित्र अभिनेता ना?

शब्द तोच, अर्थ मात्र थोडा सरकलेला. आपल्याकडे ‘चरित्र अभिनेता’ म्हटलं की नायकाचे वडील, काका, डॉक्टर, न्यायाधीश डोळ्यांपुढे येतात. म्हणजे वय झाल्यावर मिळायची जागा. हॉलिवूडमध्ये वयाचा संबंध नाही. नायक-नायिकेच्या चेहऱ्यावर तिकीट विकलं जातं. उरलेलं जग जो भरतो तो कॅरेक्टर ॲक्टर. पेट्रोल पंपावरचा माणूस, तुरुंगातला सोबती, दारूच्या दुकानात शेवटपर्यंत बसलेला गिऱ्हाईक. ही माणसं खरी वाटली नाहीत तर नायकही पुठ्ठ्याचा वाटतो.

स्टँटन तिशीतच या रांगेत उभा राहिला. गालफडं बसलेली, डोळे खोल, चेहरा असा की रात्रभर बसने प्रवास करून आलाय. असा चेहरा घेऊन कोणी प्रेमवीर होत नाही, आणि त्याला पंचविशीतही तरुण म्हणवलं नसतं. पण गंमत अशी की त्यामुळेच तो नंतर फारसा म्हातारा झाल्यासारखाही वाटला नाही.

तो मूळचा कुठला? अभिनयात कसा आला?

केंटकी राज्यातल्या वेस्ट अर्व्हाइनचा. जन्म १४ जुलै १९२६. वडील तंबाखूची शेती करत आणि न्हाव्याचं कामही करत. दुसऱ्या महायुद्धात तो नौदलात होता. रणगाडे किनाऱ्यावर उतरवणाऱ्या जहाजावर स्वयंपाकी. ओकिनावाची लढाई त्याने त्या जहाजावरून पाहिली. ही गोष्ट लक्षात ठेवा, सत्तर वर्षांनी ती पडद्यावर परत येते.

युद्धानंतर केंटकी विद्यापीठात पत्रकारिता आणि रेडिओचा अभ्यास सुरू केला, तिथल्याच रंगमंचावर उभा राहिला, आणि नाट्यशिक्षकाच्या सांगण्यावरून पदवी अर्धवट सोडून कॅलिफोर्नियात पॅसाडीना प्लेहाऊस या नाट्यसंस्थेत दाखल झाला. गात गावोगाव फिरणाऱ्या मंडळींबरोबर दौरे केले, बालनाट्यात कामं केली. पडद्यावर पहिल्यांदा दिसला १९५४ मध्ये, टीव्हीवर.

जुन्या श्रेयनामावलीत ‘डीन स्टँटन’ असं नाव दिसतं. तो हाच का?

हाच. त्या काळात हॅरी स्टँटन नावाचा दुसरा नट होता, म्हणून घोटाळा नको म्हणून याने ‘हॅरी’ गाळलं. पुढे तिन्ही शब्द एकत्र आले.

टीव्हीवर त्याने काय केलं? यादीत फक्त काउबॉय मालिकाच दिसतात.

कारण त्या काळी टीव्हीवर काउबॉय मालिकांचंच राज्य होतं. ‘गनस्मोक’ ही मालिका १९५५ ते १९७५ अशी वीस वर्षं चालली, ६३५ भाग. सुरुवातीला वर्षाला ३९ भाग निघायचे. मार्शल तोच, दारूचा गुत्ता तोच, पण दर आठवड्याला गावात नवा दरोडेखोर, नवा भुरटा, नवा साक्षीदार लागायचा. हा नवा माणूस शनिवारी गोळी खाऊन मरे आणि दोन वर्षांनी वेगळी टोपी घालून वेगळ्या नावाने त्याच गावात परत येई. घरात रेकॉर्डिंग नाही, त्यामुळे कोणी हरकत घेत नसे. स्टँटन ‘गनस्मोक’मध्ये असा आठ वेळा आला. ‘रॉहाइड’मध्येही चारदा.

ही कामं आज कोणी मुद्दाम शोधून पाहावीत अशी नाहीत, हे कबूल. भुवया उडवणं, दात-ओठ खाणं, सगळं आहे. पण घोड्यावर बसणं, कॅमेऱ्यासमोर खुणेच्या जागी न बघता उभं राहणं, दोन वाक्यांत माणूस उभा करणं, हे असल्या कामांतच अंगवळणी पडतं. लोणचं मुरायला बरणी लागते. त्याची बरणी ही.

सगळे म्हणतात तो ‘काहीच करत नाही’. मग त्यात अभिनय तो कसला?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. याचं उत्तर एका किश्शात आहे आणि तो स्टँटनने स्वतः अनेक मुलाखतींत सांगितला आहे.

जॅक निकल्सन आणि तो जुने मित्र. निकल्सनच्या १९६२ सालच्या लग्नात नवरदेवाच्या शेजारी स्टँटन उभा होता, आणि ते लग्न मोडल्यावर दोघं काही काळ एकाच घरात राहिले. १९६५ च्या सुमारास निकल्सनने एका काउबॉयपटाची पटकथा लिहिली, ‘राइड इन द व्हर्लविंड’, आणि त्यात मित्रासाठी भूमिका काढली. दरोडेखोरांच्या टोळीचा म्होरक्या, एका डोळ्यावर पट्टी, डोक्यावर हॅट, नाव ब्लाइंड डिक. मग त्याला बजावलं: तू काहीही करायचं नाहीस. कपडे काय ते काम करतील, तू नुसता तू राहा.

इतक्या वर्षांच्या टीव्हीच्या सवयीवर हे औषध होतं. डोळ्यावरची पट्टी बघूनच प्रेक्षक घाबरलाय, मग आणखी डोळे कशाला वटारायचे? स्टँटनच्या म्हणण्याप्रमाणे तिथून त्याच्या कामाची दिशाच बदलली.

पण ‘काही न करणं’ म्हणजे ढिम्म उभं राहणं नव्हे. १९७८ चा ‘स्ट्रेट टाइम’ पाहा. डस्टिन हॉफमन तुरुंगातून सुटलेला चोर आणि स्टँटन त्याचा जुना साथीदार, आता सुधारलेला. घर आहे, मागे पोहायचा तलाव आहे, तो निवांत मांस भाजत उभा आहे, बायको प्रेमळ आहे. सगळं छान चाललंय असं दोघं नवरा-बायको सांगतात. बायको आत जाते. स्टँटन थोडा पुढे वाकतो आणि आवाजाची पट्टी न बदलता हॉफमनला म्हणतो की मला इथून बाहेर काढ. बस्स. हात थरथरत नाहीत, डोळ्यांत पाणी नाही. अंगणात धूर तसाच चाललाय. दुसऱ्या कुणी ते वाक्य ओरडून म्हटलं असतं तर तो विनोद झाला असता. याच्या तोंडून ऐकताना पोटात खड्डा पडतो, कारण मघापासून तो जे हसत होता ते खोटं होतं हे आपल्याला मागाहून कळतं. हातचं राखून खेळणं म्हणतात ते हे.

‘एलियन’मध्ये त्याची भूमिका केवढी आहे?

अर्ध्या चित्रपटाची. जहाजाच्या तळघरातला तंत्रज्ञ ब्रेट, डोक्यावर टोपी, ओठांत सिगारेट, आणि कुणीही काहीही म्हटलं तरी एका शब्दाचा होकार. तो आणि याफेट कोटोने केलेला पार्कर सतत पगाराच्या वाट्याची कुरकूर करतात. अवकाशयानात कामगार असतात आणि त्यांना बोनस कमी मिळतो, हे विज्ञानपटाने इतक्या सहज क्वचितच दाखवलं असेल.

दिग्दर्शक रिडली स्कॉटला भेटल्यावर त्याने पहिल्यांदा सांगितलं म्हणे की मला विज्ञानपट आणि राक्षसांचे चित्रपट आवडत नाहीत. तो आला, हे आपलं नशीब. ब्रेट मांजर शोधत एका उंच दालनात जातो. वरून साखळ्या लोंबताहेत, पाणी ठिबकतंय. तो थांबतो, टोपी काढतो, चेहरा वर करून पाणी तोंडावर घेतो. कथेला या क्षणाची काही गरज नाही. घामेजलेला कामगार, दोन क्षण गारवा. मागे काय उतरतंय हे आपल्याला ठाऊक, त्याला नाही. तो आपल्याला नेमका तेव्हाच आवडायला लागतो, आणि दिग्दर्शकाला तेच हवं असतं.

‘पॅरिस, टेक्सस’ एवढा का गाजला?

कारण त्यात हा माणूस वयाच्या ५७ व्या वर्षी पहिल्यांदा मोठ्या चित्रपटाचा नायक झाला आणि त्यासाठी त्याने नायकासारखं काहीही केलं नाही.

सँटा फे इथल्या चित्रपट महोत्सवाच्या वेळी स्टँटनची गाठ नाटककार सॅम शेपर्डशी पडली. गप्पांत स्टँटनने बोलून दाखवलं की त्याच त्या कामांचा कंटाळा आलाय, काहीतरी नाजूक, सुंदर करायचंय. शेपर्डने ते मनात ठेवलं. जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्ससाठी तो जी पटकथा लिहीत होता, तिचा नायक ट्रॅव्हिस त्याला इथे सापडला. चित्रीकरण सुरू झालं तेव्हा पटकथा अर्धीच होती आणि शेपर्ड दुसऱ्या चित्रपटात अभिनय करायला निघून गेला होता. शेवटाकडचे मोठे संवाद त्याने दूर राहून फोनवरून लिहवून दिले.

सुरुवातीला टेक्ससच्या वाळवंटातून एक माणूस चालत येतो. लाल टोपी, चुरगळलेला सूट, हातात पाण्याची प्लास्टिकची बाटली, तीही संपत आलेली. पहिली साधारण २५ मिनिटं तो एक शब्दही बोलत नाही. चार वर्षं तो कुठे होता, बायको कुठे गेली, हे भाऊ विचारत राहतो आणि हा क्षितिजाकडे बघत राहतो. इथे त्याच्या आधीच्या सगळ्या वर्षांचा उपयोग झाला. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं चित्रपटाच्या कडेला उभं राहून, दुसरा बोलत असताना ऐकत राहण्याची सवय ज्याला आहे, तोच असा गप्प राहू शकतो. नेहमीच्या नायकाला गप्प बसवलं की तो ‘गप्प बसण्याचा अभिनय’ करायला लागतो.

आणि मग तो काचेचा प्रसंग. बायको (नास्तासिया किन्स्की) ह्यूस्टनमध्ये अशा ठिकाणी काम करते जिथे गिऱ्हाईक काचेपलीकडून तिला बघतं, फोनवर बोलतं, पण तिला गिऱ्हाईक दिसत नाही. ट्रॅव्हिस खुर्ची फिरवतो, तिच्याकडे पाठ करतो आणि फोनमध्ये एक गोष्ट सांगायला लागतो: दोन माणसं होती, त्यांचं एकमेकांवर प्रेम होतं. स्वतःचं नाव न घेता तो आपला मत्सर, दारू, क्रूरपणा सगळं ओतत जातो. आवाज सपाट, एखाद्याने हरवलेल्या वस्तूची तक्रार लिहून द्यावी तसा. ती ऐकता ऐकता ओळखते. शेवटी तो तिला तिच्याकडचा दिवा बंद करायला लावतो आणि आपल्याकडचा दिवा स्वतःच्या चेहऱ्यावर वळवतो, म्हणजे काचेतून तो तिला दिसेल. मी हा प्रसंग किती वेळा पाहिलाय याची मोजदाद सोडून दिली आहे. दर वेळी माझं लक्ष संवादांकडे असतं आणि दर वेळी त्या दिव्यापाशी मी हरतो.

चित्रपटाला १९८४ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, पाम दोर, मिळाला. यानंतर एकही चित्रपट केला नाही तरी चालेल, असं स्टँटन म्हणत असे.

मग त्यानंतर तो नायकच झाला असेल?

नाही. पुन्हा कडेला गेला. त्याच १९८४ मध्ये ‘रेपो मॅन’मध्ये हप्ते थकलेल्यांच्या गाड्या उचलून आणणारा बड, आणि ‘रेड डॉन’मध्ये तारेच्या कुंपणामागे कैद झालेला बाप. १९८६ मध्ये ‘प्रिटी इन पिंक’मध्ये बायको सोडून गेलेला बेकार बाप, ज्याला सकाळी मुलगी उठवते. हा चित्रपट शाळकरी पोरांच्या प्रेमाचा, पण बाप-लेकीची दृश्यं त्यातल्या प्रेमकथेपेक्षा जास्त टिकली आहेत, असं माझं मत. १९८८ मध्ये स्कॉर्सेसीच्या ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ क्राइस्ट’मध्ये संत पॉल.

बाजार असाच चालतो. ५८ वर्षांच्या हडकुळ्या माणसाच्या नावावर निर्माता पैसे लावत नाही, हातात पाम दोर का असेना.

त्याच्या नावाचा एक ‘नियम’ आहे म्हणतात, तो काय?

शिकागोचे समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी मांडलेला स्टँटन-वॉल्श नियम: दुय्यम भूमिकेत हॅरी डीन स्टँटन किंवा एम. एमेट वॉल्श असेल तर तो चित्रपट पूर्ण टाकाऊ असू शकत नाही. वॉल्श म्हणजे ‘ब्लेड रनर’मधला पोलीस प्रमुख, २०२४ मध्ये तो गेला. वर सांगितलेल्या ‘स्ट्रेट टाइम’मध्ये दोघंही आहेत, म्हणजे तिथे दुहेरी हमी. १९८९ चा ‘ड्रीम अ लिटल ड्रीम’ पाहिल्यावर मात्र नियम सपशेल मोडल्याचं ईबर्टनेच मान्य केलं. स्टँटन त्यात होता.

ऑस्कर मिळालं का?

नाही. नामांकनसुद्धा नाही.

तो गायचा असं ऐकलं. खरं का?

खरं, आणि चांगला गायचा. १९६७ च्या ‘कूल हँड ल्यूक’मध्ये कैद्यांच्या बराकीत गिटार घेऊन भक्तिगीतं म्हणणारा ट्रॅम्प हा तोच. ‘पॅरिस, टेक्सस’च्या संगीतात संगीतकार राय कूडरबरोबर ‘कान्सिऑन मिक्स्तेका’ हे घरापासून तुटलेल्या माणसाचं मेक्सिकन गाणं त्याने स्पॅनिशमध्ये गायलंय. लॉस एंजेलिसमधल्या क्लबांत तो आपला बँड घेऊन गायचा. आवाज पातळ, कडेला फाटलेला. सूर मात्र हलत नाही.

दिग्दर्शक डेव्हिड लिंचने त्याला सारखं का घेतलं?

‘द काउबॉय अँड द फ्रेंचमन’ (१९८८) या लघुपटापासून २०१७ च्या ‘ट्विन पीक्स’पर्यंत. माझ्या मते कारण सोपं: लिंचच्या जगात चमत्कारिक गोष्टी घडतात, आणि त्या ऐकून घेणारा एक तरी माणूस जमिनीवर पाय असलेला लागतो.

‘द स्ट्रेट स्टोरी’ (१९९९) मध्ये तो अगदी शेवटी येतो. आल्विन नावाचा म्हातारा, डोळे अधू, गाडीचा परवाना नाही, म्हणून गवत कापायच्या यंत्रावर बसून आयोवाहून विस्कॉन्सिनला निघतो, जवळजवळ ३९० किलोमीटर. अबोला धरलेल्या आजारी भावाला भेटायला. घटना खरी, १९९४ ची. जवळजवळ सगळा चित्रपट आपण या भावाबद्दल नुसतं ऐकतो. मग झोपडीचं दार उघडतं आणि चालण्याच्या आधाराला धरून स्टँटन बाहेर येतो. दोघं बसतात. स्टँटनची नजर अंगणातल्या त्या यंत्राकडे जाते, तिथेच थांबते. एवढ्यावर माझ्यापर्यंत तू आलास का, इतकंच तो विचारतो. डोळे भरतात, पण तो पुसत नाही. भांडण कशावरून झालं होतं हे चित्रपट सांगत नाही आणि कुणाला विचारावंसंही वाटत नाही.

त्याने खलनायक केला का?

‘बिग लव्ह’ ही एचबीओची मालिका पाहा, २००६ पासूनची. युटामधल्या बहुपत्नीक पंथाचा स्वयंघोषित प्रेषित रोमन ग्रँट. पांढरी हॅट, गोड बोलणं, आणि ज्याच्या खांद्यावर हात ठेवील त्याचं वाटोळं. ऐंशीच्या घरात त्याला टीव्हीवर इतकं मोठं काम मिळालं.

त्याचा नायक म्हणून शेवटचा चित्रपट कोणता?

त्याच्यासाठीच लिहिलेला ‘लकी’ (२०१७). दिग्दर्शक जॉन कॅरल लिंच स्वतःही कॅरेक्टर ॲक्टर. नव्वदीतला एक नास्तिक म्हातारा रोज उठून व्यायामाचे पाच प्रकार करतो, शब्दकोडं सोडवतो, दुकानातून सिगारेट आणि दूध आणतो, आणि एक दिवस चक्कर येऊन पडल्यावर मरणाचा विचार करायला लागतो. पटकथेत त्याच्या आयुष्यातले तुकडे आहेत: लकीही रणगाड्यांच्या जहाजावर स्वयंपाकी होता. ओकिनावाच्या आठवणी तो ज्या सैनिकाबरोबर काढतो, ती भूमिका टॉम स्केरिटने केली आहे, म्हणजे ‘एलियन’मधल्या जहाजाचा कप्तान. दोन म्हातारे कॉफीचे कप घेऊन बसलेत, मागे अडतीस वर्षांपूर्वीचं जहाज. डेव्हिड लिंचही त्यात आहे, पळून गेलेल्या कासवाच्या दुःखात बुडालेला.

स्टँटन १५ सप्टेंबर २०१७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये वारला, ९१ व्या वर्षी. ‘लकी’ अमेरिकेत चित्रपटगृहांत लागला तो दोन आठवड्यांनी.

लग्न? मुलंबाळं?

लग्न केलं नाही. बाकी घरगुती चौकशांत मला रस नाही.

सुरुवात कुठून करू?

‘पॅरिस, टेक्सस’पासून नको, बहुतेक लोक तिथूनच सुरू करतात आणि अर्ध्यात झोपतात. आधी ‘एलियन’ पाहा, तो बहुधा पाहिलेलाच असेल, या वेळी फक्त ब्रेटकडे लक्ष ठेवून. मग ‘स्ट्रेट टाइम’मधलं ते अंगण. मग ‘द स्ट्रेट स्टोरी’, घरच्या मोठ्यांना घेऊन, कारण त्यात कुणाला संकोच वाटावा असं काही नाही. ‘ग्रीन माइल’ (१९९९) पाहिला असेल तर त्यात विजेच्या खुर्चीत रंगीत तालमीला बसणारा कैदी तोच, तेवढा भाग पुन्हा लावा. एवढं झालं की एखाद्या सुट्टीच्या दुपारी पडदे ओढून, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून ‘पॅरिस, टेक्सस’. पहिल्या २५ मिनिटांत आवाज येत नाही म्हणून रिमोट शोधू नका. तो बोलेल.